पायातल्या गुठळीसाठी पोटातल्या शिरेत फिल्टर बसवावा का?

तुमच्या वडिलांच्या मांडीच्या शिरेत गुठळी आहे, अल्सरमधून रक्त गेल्यामुळे रक्त पातळ करायचं औषध देता येत नाही आणि डॉक्टर फिल्टर सुचवतायत. बसवा. अशाच पेशंटसाठी तो असतो. काढायचा कधी, हे मात्र तुम्ही विचारलंच नाहीत, आणि आमच्या घरात सगळी भांडणं त्यावरूनच झाली.

आई नौपाड्याच्या घरी बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला, डोक्यातही रक्तस्राव. पडून राहून पाय सुजला, डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, मांडीपर्यंत गुठळी दिसली. हेपारिन हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यावं तर मेंदूतला रक्तस्राव वाढायची भीती, न द्यावं तर तुकडा सुटून हृदयातून थेट फुफ्फुसात. दादा खारघरहून आला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "बिल वाढवायचे धंदे आहेत हे." सही शेवटी मी केली.

मानेपाशी जागा बधिर करून शिरेतून बारीक नळी घातली आणि एक्स-रेवर बघत फिल्टर पोटातल्या मोठ्या शिरेत, मूत्रपिंडाच्या शिरांच्या खाली, सोडला. कापड काढलेली छत्री म्हणा, नुसत्या काड्या. रक्त जातं, मोठी गुठळी अडते. पायातली गुठळी त्याने विरघळत नाही, नवी व्हायची थांबत नाही, सूजही उतरत नाही. पाय तसाच दिसतो म्हणून दादाने "बघ, काही उपयोग झाला का?" असं मला दोनदा ऐकवलं.

पुढे न्यूरोसर्जननी हिरवा कंदील दिला, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. डिस्चार्ज कार्डावर फिल्टरचा नुसता उल्लेख, काढायच्या तारखेचा पत्ता नाही. मीच फोन करकरून अपॉइंटमेंट घेतली. त्यावर दादा: "बसवायला पैसे, आता काढायला पैसे! राहू दे की आत, कुणाला टोचतंय?"

टोचतं. काड्या शिरेच्या भिंतीतून बाहेर येऊ शकतात, फिल्टर तिरका होतो, क्वचित तुटतो, आणि त्यातच गुठळी साचून शीर तुंबली तर दोन्ही पाय सुजतात. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९८ साली छापून आला. औषध सगळ्यांनाच होतं, फिल्टर निम्म्यांना. पहिल्या बारा दिवसांत फिल्टरवाल्यांच्या फुफ्फुसात गुठळ्या कमी गेल्या, पण दोन वर्षांत पायात पुन्हा गुठळी झालेले त्यांच्यात सुमारे २१ टक्के आणि बाकीच्यांत १२ टक्क्यांच्या आत. मृत्यूंत फरक नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये सांगितलं की धोका टळला असेल तर बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांत काढणं फायद्याचं. जितका उशीर, तितका तो भिंतीला चिकटतो.

आईचा पुन्हा मानेतूनच निघाला. वरच्या टोकाला हूक असतो, त्यात फास अडकवून नळीत ओढून घेतात. काड्यांना गुठळीचे बारीक धागे चिकटले होते. मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दादाने अंगठा दाखवला, एवढंच. गणपतीला मात्र अजून पाहुण्यांना सांगतो की तो फिल्टर फुकटच गेला.

तेव्हा बसवायच्या आधीच विचारा: हा काढता येणारा आहे का, कोण काढणार, केव्हा? फिल्टरचं नाव आणि ती तारीख कार्डावर लिहून घ्या. अल्सर भरला की गोळ्या कधी सुरू करायच्या, हे पोटाच्या डॉक्टरांकडून वदवून घ्या, कारण खरा इलाज त्याच आहेत.

मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही. रक्त पातळ करणारं औषध कधीच चालणार नसेल, तर काहींचा फिल्टर कायम ठेवतात. तुमच्या वडिलांचं त्यात बसतं का ते तिथेच विचारा. आणि फिल्टर असूनही अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर डॉक्टरांना मेसेज करत बसू नका, रिक्षा मिळाली तर रिक्षाने, पण तडक कॅज्युअल्टी गाठा.