फ्लूची लस : चवथीच्या आधी की नाताळच्या आधी?

प्रश्न : माझे सासरे ६९ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या डिसेंबरात त्यांना फ्लूची लस दिली, तरीही ऐन चवथीत ते ताप, खोकला आणि अंगदुखीने आठ दिवस अंथरुणाला खिळले. मग या लसीचा उपयोग काय? पुन्हा घ्यायची झाल्यास कधी घ्यावी? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : सासऱ्यांना झालेला आजार फ्लूच होता की नाही, हे घशातील स्रावाची तपासणी झाली नसेल तर आता सांगता येणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि लेप्टोचेही ताप असतात, शिवाय सर्दी-खोकल्याचे इतर अनेक विषाणू असतात, आणि त्यांपैकी कशालाही ही लस अडवत नाही.

तो फ्लूच होता असे धरले, तरी मला खरी गफलत महिन्याची वाटते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा लसीचा काळ युरोप-अमेरिकेच्या थंडीला धरून ठरलेला आहे. आपल्या देशात श्रीनगरला तो लागू पडतो, कारण तिथे फ्लू हिवाळ्यात भरात असतो. गोव्यासह पश्चिम किनाऱ्यावर मात्र फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात दिसतो. जानेवारी ते मार्चमधली लाट बहुधा त्याहून लहान असते. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढील काही महिन्यांत ती हळूहळू ओसरते, त्यामुळे डिसेंबरातल्या लसीचे बळ चवथीपर्यंत बरेच उणावलेले असते. म्हणून एप्रिलअखेर ते मे हा आपल्यासाठी योग्य काळ. तो हुकला, तर जून-जुलैतही लस घ्यावी. न घेण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, म्हणजे फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. मे महिन्यात घेताना दक्षिण गोलार्धाची चालू वर्षाची लस मागावी. खोक्यावर वर्ष छापलेले असते आणि विषाणूंच्या नावांत ते जिथे सापडले ते ठिकाण व सालही असते. ते एकदा वाचून पाहण्यात संकोच नको.

आता उपयोगाविषयी. लसीतले आणि त्या हंगामात फिरणारे विषाणू चांगले जुळतात, तेव्हा डॉक्टरकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी घटते. याचा अर्थ लस घेतलेल्या शंभरांपैकी निम्म्यांना फ्लू होतोच, असा मुळीच नाही. समजा, लस न घेतलेल्या शंभर जणांपैकी दहा जण एका हंगामात फ्लूने आजारी पडले. लस ५० टक्के परिणामकारक असेल, तर लस घेतलेल्या शंभरांपैकी पाच जण पडतील. एच३एन२ या प्रकाराविरुद्ध तिचा परिणाम एच१एन१च्या मानाने सहसा कमी पडतो, आणि उतारवयात शरीराचा प्रतिसादही मंदावतो. तरीही सासऱ्यांचे वय आणि मधुमेह पाहता मी लस सुचवीनच, कारण न्यूमोनिया होऊन इस्पितळात दाखल होण्याचा धोका अशाच रुग्णांना अधिक असतो आणि तो टाळणे हाच लसीचा मोठा लाभ आहे. विषाणू सतत बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते.

एक सूचना ओघात करतो. ही लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते. फार्मसीतून घेऊन, बर्फाविना, मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून दवाखान्यात नेलेल्या लसीवर फार भरवसा ठेवू नये. डॉक्टरांच्या फ्रीजमधलीच घ्यावी.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. लसीमुळेच फ्लू होतो असे शेजारीण म्हणते, ते खरे आहे का? (एक आई, डिचोली)

उत्तर : नाही. टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसतात. दंड दुखणे किंवा एक-दोन दिवस कणकण असणे एवढेच बहुधा होते. नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे पहिला डोस एप्रिलमध्येच द्यावा, म्हणजे दुसरा शाळा सुरू होण्याआधी पुरा होईल.