शेतकरी कंपनीच्या सर्व्हरवर एसएसएल ३.० (ब्राउझर आणि सर्व्हरमधली माहिती गुप्त ठेवायची जुनी पद्धत) चालू दिसतंय. बंद केलं तर जुने मोबाईल अडतील का?

दादा, आजच बंद करा. एसएसएल ३.० हे १९९६ चं. २०१४ मध्ये त्यातलं 'पूडल' नावाचं भगदाड उघड झालं. मधे बसलेला माणूस जोडणी मुद्दाम पाडत राहतो, मग ब्राउझर आणि सर्व्हर या जुन्या पद्धतीवर उतरतात, आणि सरासरी २५६ प्रयत्नांत लॉगिन कुकीचा (लॉगिन केलेल्याची ओळख पटवणाऱ्या खुणेचा) एकेक बाइट त्याच्या हाती लागतो. ज्या साइटवर लोकांचे सातबारे आणि बँक खाते क्रमांक आहेत, तिथं हे नकोच.

एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये फक्त टीएलएस (एसएसएलच्या जागी आलेली पद्धत) १.२ आणि १.३ ठेवा, रीलोड करा. अँड्रॉइड ५ पासूनचे मोबाईल चालतात. आमच्या दारव्ह्याकडे जिनिंगच्या काट्यावरचा जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर तेवढा अडला, तो बदलून टाकला.