२३६ दिवस साताऱ्यात; अमेरिकन नागरिकत्व अडेल का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. ग्रीन कार्ड १४ एप्रिल २०२२ रोजी मिळालं. आईच्या आजारपणात १० जून २०२३ ला साताऱ्याला गेले, २ फेब्रुवारी २०२४ ला परतले. नवरा आणि मुलगी इथंच होते, नोकरीत बिनपगारी रजा घेतली होती. साताऱ्यात दोन महिने एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. री-एंट्री परमिट (लांबच्या मुक्कामानंतर अमेरिकेत परत यायचा परवाना) होतं, त्यामुळे नागरिकत्वाला अडचण नाही, असं ओळखीचे सांगतात. खरं आहे का?

उत्तर: नाही. परमिट ग्रीन कार्ड सांभाळतं, नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य सांभाळत नाही. ही गल्लत फार जण करतात.

जायचा आणि यायचा दिवस अमेरिकेतला धरला तरी तुम्ही २३६ दिवस बाहेर होतात. सहा महिन्यांहून जास्त आणि वर्षाहून कमी गैरहजेरी असली की सलगता तुटली असं कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक खोडता येतं, पण पुरावा तुम्ही द्यायचा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष हजेरीची अट वेगळी आहे. बाकीच्या फेऱ्या छोट्या असतील तर ती सहज भरते.

अधिकारी मुख्यतः पाहतो ते असं: इथली नोकरी सुटली का, बाहेर नोकरी धरली का, कुटुंब कुठं होतं, घर तुमच्या ताब्यात होतं का. तेव्हा त्या आठ महिन्यांचा, तुमचं नाव असलेला भाडेकरार काढा. रजा मंजुरीचं पत्र आणि परत रुजू झाल्यावरची पहिली पगारपावती जोडीनं ठेवा; नुसत्या रजेच्या पत्रावरून तुम्ही परतलात हे दिसत नाही. मुलीच्या शाळेची नोंद, २०२३ चं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा), आईची डिस्चार्ज समरी हवी. परतीचं तिकीट आधी काढून पुढं ढकललं असेल तर दोन्ही तारखांचे ईमेल ठेवा, त्यातून परतायचा इरादा दिसतो.

तुमची कच्ची बाजू म्हणजे त्या तासिका. तेवढ्यावरून अर्ज फेटाळलाच जाईल असं नाही, पण लपवल्यात तर प्रकरण चिघळेल. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात पाच वर्षांच्या नोकऱ्या विचारतात आणि मुलाखत शपथेवर होते. तिथलं खोटं उत्तर चारित्र्याच्या अटीवर घाव घालतं, मग मूळ गोष्ट कितीही किरकोळ असो. कॉलेजकडून तारखा, एकूण तासिका आणि मानधन लिहिलेलं पत्र घ्या. ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, त्यावर भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र हवं. आता खरी मेख: ते मानधन २०२३ च्या अमेरिकन टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलं होतं का? ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. राहिलं असेल तर अर्जाआधी १०४०-एक्स भरून दुरुस्ती करा.

ग्रीन कार्डाची पाच वर्षं १४ एप्रिल २०२७ ला पुरी होतात आणि अर्ज ९० दिवस आधी, म्हणजे १४ जानेवारी २०२७ पासून करता येतो. त्याआधी केलेला अर्ज फेटाळला जातो, म्हणून चार-आठ दिवस जाऊ द्या. एप्रिल २०२४ पासूनचं शुल्क ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. भरायच्या दिवशी पुन्हा तपासा. नागरिकशास्त्राच्या नव्या चाचणीत १२८ प्रश्नांमधून २० विचारतात, १२ बरोबर लागतात.

भाडेकरार आणि रजेचे कागद हाताशी असतील तर मी २०२७ मध्येच अर्ज करा म्हणेन. केवळ सलगतेपायी नकार आला तर शुल्क जातं, ग्रीन कार्ड जात नाही. ३० दिवसांत एन-३३६ भरून फेरसुनावणी मागता येते. कागद अपुरे असतील तर ऑगस्ट २०२८ उलटू द्या, तेव्हा मागच्या पाच वर्षांत या गैरहजेरीचे सहा महिन्यांहून कमी दिवस पडतील आणि हे गृहीतक लागू होणार नाही. मात्र एखाद्या वर्षी अनिवासी म्हणून १०४०-एनआर हा टॅक्स फॉर्म भरला असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय अर्ज करू नका, कारण मग ग्रीन कार्डच सोडलं होतं का, असा प्रश्न निघतो.

शपथविधीच्या आसपास भारताचं तिकीट काढू नका. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं आणि तो पासपोर्ट वापरता येत नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड), असा क्रम आहे. आईच्या नावावरची शेतजमीन वारसानं सातबाऱ्यावर तुमच्या नावे लागू शकते. ओसीआयवर नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.