मे महिन्यात शटर उघडायला हात उचलत नाही

«ताई, नंदनवन भागात कॉलेजच्या गेटजवळ माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. चौथं वर्ष सुरू आहे. परीक्षा संपल्या की गल्ला ३,५०० वरून १,४०० वर येतो. बारा ते पाच कोणी फिरकत नाही. टिनाखाली बसून जीव कासावीस होतो. त्यात कागद अडकून जीव नकोसा होतो. सकाळी उठावंसंच नाही वाटून राहिलं. भाडं ८,०००, उन्हाळ्यात लाइटबिल ३,५००, कामावरच्या पोराला ६,०००, मशीनच्या देखभालीचे १,५००. मिस्टर म्हणतात, दोन महिने बंद ठेव, नाही तर कायमचंच बंद कर. माझ्यातच काही कमी आहे का?»
— झेरॉक्सवाली, नागपूर

बाई, तुमच्यात काही कमी नाही. ४५ अंशांच्या दुपारी टिनाखाली पाच तास रिकामं बसवलं तर कोणाचंही मन विझेल. तुम्ही मे महिन्याचा गल्ला फेब्रुवारीच्या गल्ल्याशी ताडून बघता आणि रोज रात्री हरता. मे ताडायचा तो मागच्या मेशी. जुनी वही काढा आणि त्याच आठवड्याचा आकडा बघा.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. ठरलेला खर्च महिन्याला १९,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे ७३१ रुपये. झेरॉक्समध्ये साधारण निम्मे सुटतात, वह्या-पेनांत वीस-पंचवीस टक्के. तुमच्याकडे झेरॉक्स जास्त, म्हणून सरासरी ४० टक्के धरा. १,४०० च्या गल्ल्यात ५६० हाती राहतात. तूट रोजची १७१, महिन्याची ४,४५० च्या आसपास. यात तुमच्या मेहनतीचा पगार धरलेला नाही, हे खरं. पण दुकान बंद ठेवलं, पोराला पगार दिला नाही, तरी ८,००० भाडं जाणारच. म्हणजे बंद दुकान उघड्या दुकानापेक्षा महाग पडतं. हा कागद मिस्टरांसमोर ठेवा. ते तुमचे हाल बघून बोलत असतील, त्यांच्याशी वाद घालू नका, आकडे दाखवा. दोन महिन्यांची तूट साधारण ९,००० होते. जुलैपासून महिन्याला ९०० ची आरडी सुरू केली की पुढच्या मेमध्ये ही धास्ती राहणार नाही. तुमची सरासरी ४० पेक्षा कमी निघाली तर हाच हिशोब त्या आकड्याने पुन्हा करा, अंदाजावर राहू नका.

दुसरं म्हणजे वेळ बदला. सकाळी साडेसात ते बारा, संध्याकाळी पाच ते साडेनऊ. नागपुरात मे महिन्यात माणसं सूर्य कलल्यावरच बाहेर पडतात, त्या वेळेला तुमचं दुकान उघडं आणि तुम्ही ताज्या हव्यात. दुपारी घरी जा, जेवा, पाऊण तास झोपा. रात्री उकाड्यात झोप पुरत नाही आणि पुरती झोप नसलेल्या माणसाला सगळंच डोंगराएवढं दिसतं. पोराला सोडू नका, त्याच्याशी बोलून तेवढ्याच पगारात हीच दोन वेळची पाळी ठरवा. जूनमध्ये नवीन पोरगा शिकवायला तुमच्याकडे वेळ नसेल.

आता कूलरबद्दल, कारण तुमच्या पत्रात «कागद अडकून जीव नकोसा होतो» असंही एक वाक्य आहे आणि माझ्या मते तुमची निम्मी चिडचिड तिथेच आहे. कूलर मशीनकडे तोंड करून ठेवलाय ना? ओली हवा कागद शोषून घेतो. दमट कागद वाकतो, एकाला एक चिकटतो, रोलर दोन-दोन पानं ओढतो आणि जॅम होतो. फ्यूजरमधून, म्हणजे टोनर तापवून कागदावर बसवणाऱ्या भागातून, गेल्यावरही टोनर नीट बसत नाही, बोट फिरवलं की अक्षर पुसटतं. मग गिऱ्हाईक कुरकुरतं आणि तुम्हाला वाटतं मशीन गेली. तर कूलरचा झोत काउंटरकडे, म्हणजे माणसांकडे वळवा, आणि मागची खिडकी किंवा जाळी उघडी ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसली की ओल आतच साचते आणि कूलर गारवाही देत नाही. ७५ जीएसएमची एकच रीम उघडा, बाकीच्या वेष्टनात राहू द्या. ट्रेमध्ये शंभर-सव्वाशे पानंच घाला, घालण्याआधी गठ्ठा हातात घेऊन पानं फुलवा, वाकलेला असेल तर उलटा करून घाला. रात्री ट्रेमधला कागद परत वेष्टनात. मशीनच्या मागे भिंतीपासून वीतभर तरी मोकळी जागा हवी, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. मोठी ऑर्डर आली तर दुपारी एका दमात काढू नका, सकाळी गारव्यात काढा. टोनरच्या बाटल्या पोटमाळ्यावर टिनाला लागून असतील तर आजच खाली आणा.

मालाचंही तसंच. खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून राहिलं की दोन्ही खराब होतात, त्यांचे डबे वेगळे करा. शटरजवळच्या रॅकवरचे जेल पेन आणि सेलोटेप आत घ्या, उन्हाने गोंद सुटतो. शटरच्या पुढे फूटभर अंतर सोडून हिरवी जाळी बांधा, शटरला चिकटवून बांधली तर काही फरक पडत नाही.

मग मेच्या सकाळी करायचं काय? जूनची तयारी. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे तुमच्या हातात पुरेसा वेळ आहे. जवळच्या दोन शाळांच्या पालकांना विचारून इयत्तेप्रमाणे वह्यांची यादी करा: किती शंभरपानी, किती दोनशेपानी, चौकटीच्या किती. कव्हर घालून, नावाची लेबलं लावून तयार संच द्या, आगाऊ निम्मे पैसे घेऊन मगच इतवारीतून ठोक माल उचला. उधारीवर माल भरून ठेवू नका, उन्हाळ्यात दुकानदार त्यानेच बुडतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांची धांदल उडते: उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेयर. कुठल्या दाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात ते सेतू केंद्रातून यंदाचं विचारून घ्या आणि मोठ्या अक्षरात काउंटरवर लावा. आणि लोक व्हॉट्सॲपवर आधार पाठवतात, ते प्रिंट झाल्यावर त्यांच्यासमोर डिलीट करा. लोक अशाच दुकानात परत येतात.

रोज सकाळी दहाच्या आत एक काम पूर्ण करून त्यावर फुली मारा, एकच. चार कामं लिहिली तर संध्याकाळी अपुरी तीनच दिसतील.

पाणी तहान लागायची वाट न बघता पीत राहा. ताक, कैरीचं पन्हं असू द्या. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ. दुपारी घरी जाताना डोक्याला दुपट्टा हवाच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की जास्तच जपा.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. वेळ बदलून, झोप पुरी होऊनही दोन आठवडे रडू येत राहिलं, जेवण जाईना, कशातच रस वाटेना, तर तो उन्हाचा त्रास म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. जवळच्या डॉक्टरांनाही सांगा.

उद्या सकाळी शटर उघडताना त्यावर एक कागद चिकटवून टाका: «उन्हाळ्यात वेळ: सकाळी ७.३० ते १२, संध्याकाळी ५ ते ९.३०. तातडीचं काम असल्यास फोन करा.» खाली तुमचा दुकानाचा नंबर, आणि तो फोन दुपारी पोराकडे आणि तुमच्याकडे एक दिवसाआड.