वाचक विचारतात : वटवृक्ष नेमका कुठून कोसळला?

प्रश्न : आमचे जीवशास्त्राचे सर नुकतेच गेले. ३१ वर्षं शिकवलं त्यांनी, त्यातली निम्मी वर्गाबाहेर, झाडाखाली. माजी विद्यार्थी स्मरणिका काढत आहेत आणि संपादन माझ्या गळ्यात पडलं आहे. आलेल्या १४ लेखांपैकी ११ लेखांत ‘निसर्गाशी एकरूप झालेलं व्यक्तिमत्त्व’ हेच शब्द आहेत. सरांवर माझा फार जीव होता, पण मीही लिहायला बसले की भाषणच होतं. शिवाय त्यांच्या कपाटात १९ वह्या सापडल्यात. त्यांत नुसत्या तारखा आणि झाडांची नावं. त्यांचं काय करायचं?

उत्तर : चौदांत अकरा? म्हणजे तीन जण तरी त्यातून सुटले म्हणायचे.

हसत नाही हो. आमच्या बाई गेल्या तेव्हा मीच लिहिलं होतं, ‘ज्ञानाचा वटवृक्ष कोसळला.’ बाईंनी ते वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, “कोसळला म्हणजे मुळासकट की खोडात मोडून? आणि तू जवळ जाऊन बघितलंस का?” ते वाक्य छापून आलेलं आजही माझ्याकडे आहे. मी ते पान उघडत नाही.

लिहायला हवं होतं ते वेगळंच. एकदा वर्गाजवळच्या झुडपाच्या पानांना कडेनं गोल गोल कातरे पडलेले दिसले, कुणी पंच मारावा इतके नेटके. आम्ही एका सुरात सांगितलं, “अळी!” बाई हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. झुडपासमोर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. तास संपत आला, पायांना मुंग्या आल्या, आणि एक मधमाशीसारखी माशी पानाच्या कडेवर येऊन बसली. तिनं कडेपासून जबडा चालवायला सुरुवात केली आणि काही सेकंदांत तुकडा सुटला. सुटता सुटता तो पोटाखाली धरून ती उडालीसुद्धा. पानकापी माशी. पोकळीत घर करते, पानांच्या तुकड्यांचं अस्तर लावते, आत परागांचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते. हे सगळं बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या, “मग? अळी ना?”

तुमच्या सरांचा असा एक तास शोधा. त्यांचे ऋण वगैरे बाजूला राहू द्या.

चार्ल्स डार्विनचंच बघा. केंब्रिजमध्ये तो वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांच्याबरोबर इतका भटकायचा की तिथली मंडळी त्याला ‘हेन्स्लोंबरोबर फिरणारा’ म्हणूनच ओळखत. १८३१ मध्ये बीगल जहाजावर जाण्याची संधी त्याला मिळाली तीही हेन्स्लोंच्या शिफारशीवरून. केवढं ऋण! पण पुढे आत्मचरित्रात त्यानं गुरूची एक अगदी बारकी गोष्ट सांगितली. ओलसर पृष्ठभागावर परागकणांतून नळ्या बाहेर येताना दिसल्या म्हणून तो धावत सरांकडे गेला. हा शोध आपलाच, असा त्याचा समज. दुसरा कुणी हसला असता. हेन्स्लोंनी ते किती विलक्षण आहे हे मान्य केलं, अर्थ समजावला, आणि ही गोष्ट आधीपासून ठाऊक आहे हेही स्पष्ट कळू दिलं. पोरगं खट्टू न होता खूश होऊन परतलं. एवढ्याशा गोष्टीत माणूस दिसतो की नाही? १८६१ मध्ये हेन्स्लो गेले, तेव्हा त्यांचे मेहुणे लेनर्ड जेनिन्स यांनी चरित्रासाठी डार्विनकडे आठवणी मागितल्या. त्याही त्यानं अशाच लिहून दिल्या : दर आठवड्याला एका संध्याकाळी सरांचं घर सगळ्यांना कसं उघडं असायचं, वगैरे.

म्हणून त्या अकरा जणांना लेख परत पाठवा आणि एकच विचारा, “सरांच्या हातात काय होतं?” भिंग, काडी, छत्री, काहीही. उत्तर आलं की लेख आपोआप सुरू होईल. सरांचे दोषही येऊ द्या. आमच्या बाईंना प्रत्येक झुडपाचं नाव पाठ, पण माझं नाव चार वर्षांत एकदाही धड घेता आलं नाही. मी त्यांच्यासाठी कायम ‘अगं ए, खिडकीजवळची’. याचा राग होता मला, अजून थोडा आहे. तो लिहिल्याशिवाय बाई पूर्ण होत नाहीत.

आता वह्या. त्या नुसत्या तारखा नाहीत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थानं १७३६ पासून पहिलं फूल कधी, पहिलं पान कधी, बेडूक कधी ओरडले, हे टिपायला सुरुवात केली. त्याच्या घराण्यानं ते १९५८ पर्यंत चालवलं. ऋतू कसे सरकले हे तपासायला संशोधक आज त्याच नोंदी उघडतात. तेव्हा सरांच्या घरच्यांची परवानगी घ्या आणि आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. मग एका तक्त्यात उतरवा : तारीख, झाड, काय दिसलं. अक्षर लागत नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजानं नाव भरू नका. खाडाखोड, समासातली चित्रं, हिशेबाच्या ओळी, सगळं तसंच राहू द्या. आणि स्मरणिकेत तुमच्या लेखासमोरचं पान म्हणून त्यातलंच एक छापा.

पहिल्या वहीवर कुठलं साल आहे, तेवढं मात्र कळवा मला.