पहिला फोन घेण्याआधी

अगं, सोमवारपासून तू आपल्या हेल्पलाइनवर बसणार, म्हणून हे आधीच सांगते. समोरचा माणूस गप्प झाला की लगेच बोलू नकोस. पहिलं वर्षभर मला ती शांतता सोसायची नाही. घाईघाईत 'होईल सगळं ठीक' म्हणायचे आणि माणूस फोन ठेवायचा.

एकदा रात्री उशिरा एका मुलाचा फोन आला. मागे लोकलमधली 'पुढील स्टेशन'ची घोषणा ऐकू येत होती. दहा मिनिटं तो फक्त झोप लागत नाही, एवढंच सांगत होता. लोक बहुतेकदा असंच सुरू करतात: झोप, डोकेदुखी, ऑफिस. मी थांबले. मग हळूच म्हणाला, "घरी पोचलो तरी दाराबाहेरच उभा राहतो." खरा फोन तिथून सुरू झाला.

जिवाचं काही करून घेण्याचा विचार येतो का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांची भीती वाटत असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याबद्दल सांग: असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच कायदा मानतो. आपली वेळ संपल्यावर कुठे बोलायचं, म्हणून टेलिमानसचा १४४१६ नंबर दे. तो सरकारी आहे, मोफत, चोवीस तास.

आणि ड्यूटी संपल्यावर लगेच गाडी पकडू नकोस. शिवाजी पार्कला एक फेरी मारूया, मी असेन सोबत.