रस्ता सगळ्यांना हवा, फक्त आपल्या गटातून नको

प्रश्न: शहराबाहेरून जाणाऱ्या नव्या वळण रस्त्याची आखणी आमच्या भागात तीनदा बदलली. ती नेमकी कोण ठरवतं, आणि त्यात एवढं राजकारण का शिरतं?

मी छत्रपती संभाजीनगरच्या शिवेवरच्या एका गावचा. असाच एक रस्ता आमच्या मोसंबीत येऊन परत गेलाय, म्हणून थोडं सांगतो.

कागदावर सगळं सरळ असतं. सल्लागार कंपनी नकाशावर दोन-तीन पर्याय आखते. लांबी, पूल, घरं, वनजमीन, खर्च मोजते. रस्त्याचं सरकारी खातं त्यातला एक उचलतं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा कायदा, त्यातल्या ३-अ कलमाची, म्हणजे जमीन घेणार असल्याची, अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस. राज्य २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेत असेल तर कलम ११ च्या अधिसूचनेनंतर ६० दिवस. विकास आराखड्यातला डीपी रस्ता असेल तर १९६६ चा नगररचना कायदा. तुमचा रस्ता यातला कोणता, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे सहा महिने तहसीलवर मोर्चे निघाले आणि अधिसूचना निघाली केंद्राची. २१ दिवस कधी सरले ते मोर्चेवाल्यांना कळलंही नाही.

आता राजकारण. रस्ताच नको म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भांडण ‘कुठून’ याचं असतं. ज्याचा गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा शेताचा तुकडा, मधोमध कापला जातो त्याची विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि अर्धं रान दुसऱ्या अंगाला. शेजाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा चुलत भावाच्याच, शेताला मात्र रस्ता नुसता चाटून जातो आणि एकराने विकायची जमीन गुंठ्याने मागायला लोक दारात येतात. दोनशे फूट इकडे की तिकडे, एवढ्यावरून भावकीचे दोन तट पडतात. मग प्रत्येक तटाला एक पुढारी मिळतो. निवडणूक जवळ असली तर पुढारी स्वतःच घर शोधत येतात.

त्यात मावेजाचा, म्हणजे जमिनीच्या भरपाईचा, हिशेब असा. रेडी रेकनरचा सरकारी दर, किंवा आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी. यातलं जे जास्त ते धरतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या गुणांकाने गुणतात, शहरात गुणांक १, आणि वर १०० टक्के सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची तेवढीच जादा रक्कम. म्हणजे आखणी ज्याला आधी कळली तो दोन-चार चढ्या भावाची खतं करून ठेवू शकतो. आणि गाव महापालिकेच्या हद्दीत गेलं की गुणांक घसरू शकतो. हद्दवाढीला गावं कडाडून विरोध करतात त्यामागे घरपट्टीइतकंच हेही असतं, पण ते भाषणात कोणी बोलत नाही.

आमच्याकडे मोजणीवाले आले तेव्हा मोसंबीच्या तिसऱ्या ओळीत पिवळा दगड रोवून गेले. ते गेल्यावर आमच्या अण्णांनी दगडापासून विहिरीपर्यंत पावलं मोजली. अकरा भरली. पुढचे चार महिने भेटेल त्याला ते फक्त ‘अकरा पावलं’ एवढंच सांगायचे.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. एक पुढारी म्हणाले, “रस्ता वरच्या अंगानं न्या, तिकडं गायरान हाय. कुणाचं नुकसान न्हाई.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मागे लिंबाखाली गायरान कसणारी चार माणसं उभी होती. त्यांच्या बापजाद्यांपासून ती जमीन त्यांच्या हाताखाली, पण सातबाऱ्यावर सरकार. २०१३ च्या कायद्यात तीन वर्षांपासून ज्याचं पोट त्या जमिनीवर आहे तोही बाधित धरला जातो. पण यादीत नाव लागलं तर. त्या दिवशी त्यांना कोणी बोलायलाच सांगितलं नाही. त्या बैठकीतलं हेच मला अजून टोचतं.

रस्ता लांबून न्यावा की जवळून, हा वादही फुकाचा नाही. आमचा बीड बायपास शहरातली वाहनं बाहेर काढायला केला होता. सातारा-देवळाई ही शहराची उपनगरं वाढत वाढत त्याच्या दोन्ही बाजूंना पसरली, गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेले, प्लॉट पडले, शाळा आल्या, अपघात झाले, मग चौकात उड्डाणपूल बांधावे लागले. सोलापूर-धुळे महामार्गाला आणखी बाहेरून नवं वळण काढावं लागलं. त्यामुळे ‘गावाला लागूनच न्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी देवळाई चौकात उभं राहून पाहावं.

तुम्ही हरकत देणार असाल तर ‘शेतकऱ्यांवर अन्याय’ असं मोघम लिहू नका. गट नंबर, विहीर, पाइपलाइन, झाडांची संख्या, रस्त्याने तुटणारी पाऊलवाट हे सगळं मापासकट लिहा आणि पोच घ्या. इनामी, म्हणजे जुन्या राजवटीत इनाम मिळालेली, जमीन असेल तर कागद आत्ताच काढून ठेवा. आपल्याकडे मावेजा जाहीर झाल्यावर इनामाचे वारस जागे होतात आणि पैसा कोर्टात पडून राहतो.

आमची विहीर वाचली. अण्णांना वाटलं, आपली हरकत कामी आली. दोन महिन्यांनी नव्या रेषेवरून मोटारसायकलवर गेलो तर दोन्ही बाजूंना चुन्याच्या फक्क्या मारलेल्या आणि पाटी: ‘नियोजित हायवे टच, एनए प्लॉट’, म्हणजे बिगरशेती प्लॉट. पाटीचा रंग चांगलाच उडालेला होता, म्हणजे ती आखणी बदलायच्या आधीची असणार. अण्णांना मी हे सांगितलेलं नाही. पिवळा दगड अजून तिसऱ्या ओळीतच आहे, पाणी द्यायला गेले की त्यावर बसतात.